उजवं मडगार्ड

लुगानो, ९ ऑक्टोबर २०२३

प्रिय एलेत्रा,

तुला मी शेवटचं पाहिलं ते तुझ्या आजीच्या अंत्यविधीला. तुझे पुढचे दोन दात पडलेले होते आणि तू कुणाशीही बोलत नव्हतीस. आता तू इंजिनियर आहेस, जुन्या गाड्या तपासतेस, घेणाऱ्याला खरं ते सांगतेस आणि विकणाऱ्यांच्या शिव्या खातेस, असं ऐकतो. मला नेमकं तसंच माणूस हवंय.

मी कारखाना विकला. आयुष्यभर नळाच्या झडपा केल्या. चांगल्या केल्या, पण झडपेकडे बघून कुणाच्या छातीत धडधडत नाही. आता घराखालचा डोंगर पोखरून गॅरेज करून घेतोय. सहा गाड्यांचं. नकाशा सोबत आहे. चाळीस लाख फ्रँक मी बाजूला काढलेत, तेव्हा हात आखडता घेऊ नकोस. वेगवान, सुंदर आणि खऱ्या गाड्या निवड. गोड बोलणारे दलाल इथे तळ्यातल्या बदकांइतके आहेत. मला तुझं मत हवं.

फोन नको, मला ऐकू कमी येतं. संगणकावरची पत्रंही नकोत, तिथे मी फक्त बिलं वाचतो. कागदावर लिही. कागदावर माणूस कमी खोटं बोलतो असं नाही, पण सावकाश बोलतो.

लोरिसला माझा नमस्कार सांगायचा की नाही ते तू ठरव.

तुझा काका,
एर्मेस


मोदेना, १६ ऑक्टोबर

प्रिय एर्मेस काका,

काम घेते. मी विकणाऱ्याकडून दलाली घेत नाही आणि अहवालात जे मोजलं तेवढंच लिहिते. तुम्ही माझे काका आहात याने त्यात फरक पडणार नाही.

आधी एक प्रश्न. गाड्या कशासाठी हव्यात? चालवायला, बघायला, की मागे ठेवून जायला? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून चालवायला असं धरून निवडते.

पहिल्या जागेसाठी साठ सालच्या आसपासची अल्फा जुलियेत्ता, झागातो कारखान्याने अंग बांधलेली, गोल पाठीची. वजन इतकं कमी की वळणावर तिला मनवावं लागत नाही. दुसरी लोटस एलान. तुमच्या घराकडे येणाऱ्या अरुंद रस्त्याला याहून योग्य काही मला माहीत नाही. तिसरी १९७३ ची पोर्शे ९११, हलकी आवृत्ती. ती रोज वापरता येईल. चौथी दिनो, कारण मोदेनाचा माणूस तिच्याशिवाय गॅरेज करतो हे कुणाला पटणार नाही. पाचवीसाठी सगळे तुम्हाला मिउरा सुचवतील. ती बघण्याची गाडी आहे. बघायचीच असेल तर घ्या, पण त्रेसष्ट सालची जॅग्वार ई-टाइप तुम्ही बघालही आणि चालवालही.

आता सहावी. नकाशात पाच जागा साडेपाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद आहेत. सहावी चार मीटर चाळीस लांब, दोन तीस रुंद. शिवाय तिच्या एकटीच्याच दोन्ही बाजूंना दिवे दाखवलेत. वास्तुकाराची चूक असेल तर काँक्रीट ओतण्याआधी सांगा. चूक नसेल तर त्या जागेची गाडी तुम्ही आधीच ठरवलेली आहे.

बाबांना नमस्कार सांगितला. ते म्हणाले, "कोण एर्मेस?" आणि मग जेवताना दोनदा विचारलं की तुमची तब्येत कशी आहे.

एलेत्रा


लुगानो, २७ ऑक्टोबर

प्रिय एलेत्रा,

पकडलंस. वास्तुकार बिचारा निर्दोष आहे.

अल्फा, हो. लोटस, हो, पण हिरवी नको. इथे सगळंच हिरवं आहे. पोर्शे माझ्या दाताच्या डॉक्टरकडे आहे, वकिलाकडे आहे आणि ज्याने मला कारखाना विकायला लावला त्याच्याकडेही आहे, तेव्हा नको. दिनोवर विचार करतो. ई-टाइपमध्ये मी एकदा बसलो होतो. उतरताना दोन माणसं लागली. पियाला विचारलं (ती माझं घर बघते), तर म्हणाली, "साहेब, तुम्हाला चढायला नाही, उतरायला सोपी गाडी बघा." इथे मी मालक आहे असं मला कधीकधी वाटतं.

सहावी जागा कोर्लेती या छोट्या कारखान्याच्या एका गाडीसाठी आहे. तुझ्या आजोबांनी ज्या शेवटच्या गाडीचं अंग ठोकलं, तिच्यासाठी.

तुला वाटेल, ती तर मोदेनातच आहे. तिथले दातांचे डॉक्टर बास्सोली दरवर्षी ती चौकात उभी करतात, समोर पाटी लावतात : चार नंबरची कोर्लेती, प्रीमो ग्वाल्दी यांचं अखेरचं काम. पण कोर्लेतीने एकूण चारच गाड्या केल्या, त्यातली फक्त चौथी वडिलांच्या हातची, आणि एकोणसत्तर साली स्वित्झर्लंडमधल्या डोंगरचढणीच्या शर्यतीला चार नंबरचे जकातीचे कागद तयार नव्हते. तीनचे होते. तेव्हा सगळा मोदेना जे करायचा तेच आपल्याकडे झालं, असं म्हणतात. नाक्यावरचा शिपाई सांगाड्यावर ठोकलेला नंबर बघतो, गाडी बघत नाही. तीनचा नंबर चारवर ठोकला, घरी राहिलेल्यावर चारचा. परत आली की पुन्हा बदलायचं. पण ती परत आलीच नाही. तिथेच विकली गेली. ही तिसरी म्हणवणारी गाडी लिंथालमध्ये एका विधवेच्या कोठारात आहे. तिच्या नवऱ्याला क्लबातल्या लोकांनी खोट्या गाडीचा म्हणून बाहेर काढलं होतं.

दोन गाड्यांपैकी तुझ्या आजोबांची कोणती, ते तू मोजून सांग. मला काय वाटतं ते सांगत नाही. सांगितलं तर तू तेच शोधशील.

एवढंच सांगतो. वडील कुणाला हात लावू देत नसत. शिकाऊ पोराचा पत्रा चुकला की कातरीने कापून अंगणात फेकायचे. त्यांच्या गाडीच्या दोन बाजू तू दुमडून एकमेकींवर ठेवल्यास तरी फट दिसली नसती.

लोरिसला यातलं काही सांगू नकोस. तो लहान होता.

एर्मेस


मोदेना, २० नोव्हेंबर

प्रिय एर्मेस काका,

डॉक्टर बास्सोलींची गाडी पाहिली. ते पूर्ण वेळ शेजारी उभे होते.

"मुली, तुझ्या आजोबांचं काम आहे हे. तुला मोजायची काय गरज?"

"सवय आहे."

"माझ्याकडे पेशंट असा वागला तर मी त्याला भूल न देता दात काढीन."

लेझरने दोन्ही बाजू मोजल्या. डावी आणि उजवी यांच्यात सर्वांत जास्त फरक तीन मिलिमीटर. साधी तारेची चौकट, वाळूची पिशवी आणि लाकडाचा ओंडका यांवर हाताने ठोकलेल्या अंगासाठी हे फार चांगलं आहे. आजोबांच्या ज्या दोन गाड्या मी आधी मोजल्यात, त्यांच्यातही इतकाच फरक होता. खालच्या बाजूला जाड काळा लेप आहे. तो खरवडू द्यायला डॉक्टर तयार नाहीत, त्यामुळे आतल्या शिवणी पाहता आल्या नाहीत. उरलेल्या पुराव्यावरून ही गाडी आजोबांची असण्याची शक्यता जास्त वाटते.

ते विकायला तयार आहेत. फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबतील. त्यानंतर एक जर्मन गिऱ्हाईक आहे, असं ते म्हणतात. तसं गिऱ्हाईक नेहमीच असतं.

अल्फा दोन बघितल्या. बोलोन्याची घेऊ नका. ब्रेशियाची चांगली आहे, तपशील सोबत जोडलाय. दिनोचं तुम्ही ठरवलंत का?

एलेत्रा


लुगानो, २८ नोव्हेंबर

प्रिय एलेत्रा,

ब्रेशियाची अल्फा घे. दिनो राहू दे.

बास्सोलीला थांबू दे, तो पेशंटना थांबवतोच की. तू लिंथालला जा. झ्विकीबाईंना मी पत्र लिहून ठेवतो, पण माझं नाव कळवत नाही. बर्फाची काळजी घे.

एर्मेस


मोदेना, २२ जानेवारी २०२४

प्रिय एर्मेस काका,

लिंथालला जाऊन आले.

श्रीमती फ्रेनी झ्विकी सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. दार उघडताच त्यांनी विचारलं, "तुम्ही पण खोटी म्हणायलाच आलात ना?"

"मोजायला आलेय."

"क्लबवालेही मोजायलाच आले होते. बूट पुसले नाहीत."

मी बूट पुसले. मग त्यांनी हिरव्या चीजचा वास मारणारा पाव दिला आणि मी तो पूर्ण खाईपर्यंत कोठाराची किल्ली दिली नाही.

गाडी लाल आहे, रंग मूळचा, पुष्कळ ठिकाणी उडालेला. खालून लेप नाही, त्यामुळे सगळं पाहता आलं. डावी बाजू असाधारण आहे. शिवण कुठे संपते ते बोटाला कळत नाही. चाकावरच्या कमानीची कड तारेवर दुमडून आत घेतलीय आणि टोकाला एक बारीक खाच आहे. हे मी आजोबांच्या दुसऱ्या गाड्यांवर पाहिलंय. इथे क्षणभर वाटलं की तीच आहे.

मग उजवी बाजू. पुढच्या चाकावरचं मडगार्ड डाव्यापेक्षा नऊ मिलिमीटर फुगीर आहे. हातोड्याचे ठसे दाट आणि उथळ, एकाच जागी पुन्हा पुन्हा मारलेले. कड दुमडली आहे, पण खाच नाही. ठोकणाऱ्याला पत्रा फाटेल अशी भीती होती, असं दिसतं. हा दुसरा हात आहे, आणि तो पूर्ण तयार झालेला नाही. नंतरच्या दुरुस्तीचा मात्र नाही. पत्र्याची जाडी, मिश्रण आणि रंगाचे थर दोन्ही बाजूंना एकच आहेत. म्हणजे गाडी नवी असतानाच हे मडगार्ड तिच्यावर होतं.

बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती पूर्णपणासाठी लिहिते. शर्यत संपल्यावर त्यांचे पती कास्पार यांनी तिथेच गाडी मागितली. सोबत पत्रा ठोकणारा एक वयस्क माणूस होता, तोंडात न पेटवलेला चिरूट. नाव त्यांना आठवत नाही. कास्पार म्हणाले, उजवं मडगार्ड फुगलंय, सरळ करून द्या, नाहीतर भाव कमी करा. तो माणूस म्हणाला, "भाव पाहिजे तेवढा कमी करा. मडगार्डला हात लावायचा नाही. तसं लिहून द्या."

"आणि यजमानांनी लिहून दिलं?" मी विचारलं.

"दिलं की! म्हणाले, इटालियन माणूस पैसे सोडतोय म्हणजे वेडा असणार, वेड्याशी वाद नको. पण शब्द पाळला हं. पुढे एकदा दगड लागून पोचा आला तिथे, तोसुद्धा काढला नाही. मी म्हणायचे, अहो, तो म्हातारा काय बघायला येणारे? तर म्हणायचे, आला तर?"

दुरुस्तीची मेहनत टाळायची असली की कारागीर असं बोलतात.

निष्कर्ष : या गाडीवर दोन जणांचे हात आहेत. तुम्हीच लिहिलंत की आजोबा कुणाला हात लावू देत नसत आणि चुकलेला पत्रा कापून फेकत. त्यांनी हे मडगार्ड आपल्या दारातून बाहेर जाऊ दिलं नसतं. तेव्हा ही त्यांची गाडी नाही. डावी बाजू त्यांच्या पद्धतीची चांगली नक्कल आहे. सहाव्या जागेसाठी डॉक्टर बास्सोलींची गाडी घ्यावी, असं मी सुचवते. मुदत फेब्रुवारीअखेर.

बाई गाडी विकायला तयार आहेत. त्या थकल्या आहेत आणि पुतण्यांना कोठार पाडायचं आहे.

एलेत्रा


मोदेना, १ मार्च

प्रिय एर्मेस काका,

माझ्या पत्राला पाच आठवडे झाले. पियाला फोन केला. त्या म्हणाल्या, "साहेब बरे आहेत. जेवतात. बोलत नाहीत." डॉक्टर बास्सोलींची मुदत काल संपली. जर्मन गिऱ्हाईक अर्थातच आलेलं नाही.

तुम्ही सांगितलं होतं, म्हणून बाबांना काही सांगितलं नाही. फक्त विचारलं. आम्ही अंगणात बसलो होतो. आजोबांचा पत्रा ठोकायचा ओंडका अजून तिथेच आहे. त्यावर जिरेनियमची कुंडी असते. मी म्हटलं, काका उत्तर देत नाहीत.

"गप्प बसलाय म्हणजे त्याला काहीतरी लागलंय. लहानपणापासून असाच. म्हातारा ओरडायचा आणि हा गप्प. ओरडणाऱ्याशी जमतं गं, गप्प माणसाशी काय करायचं?"

"शेवटचं कशावरून भांडले ते?"

"मडगार्डवरून."

"कसल्या मडगार्डवरून?"

"आता कसल्या म्हणजे! सायकलच्या मडगार्डवरून कुणी देश सोडून जातं का? म्हाताऱ्याने पहिल्यांदाच एर्मेसला एक बाजू करायला दिली होती. दहा दिवस खपला पोरगा. म्हातारा आला, चिरूट काढला आणि चार कामगारांसमोर म्हणाला, 'याला मडगार्ड म्हणायचं की गरोदर बाईचं पोट?' सगळे हसले. मीपण हसलो, मी अकरा वर्षांचा होतो. एर्मेसने हातोडा या ओंडक्यावर ठेवला आणि गेला. फेकला असता तरी बरं झालं असतं. ठेवला."

"आणि ते मडगार्ड?"

"कापलं असणार. म्हाताऱ्याने कधी काही ठेवलंय का? दुसऱ्या वर्षी तो स्वतःच गेला."

मी त्यांना पुढे काही विचारलं नाही. तुम्हाला एकच विचारते. लिंथालच्या गाडीची उजवी बाजू कोणी ठोकली?

एलेत्रा


लुगानो, १० मार्च

प्रिय एलेत्रा,

मी.

आता बाकीचं. मी घर सोडून इकडे आलो, झडपांच्या कारखान्यात लागलो. दोन महिन्यांनी शर्यतीची जाहिरात पाहिली, त्यात कोर्लेतीचं नाव होतं. गेलो. वरच्या वळणावर कुंपणाला टेकून उभा राहिलो. शर्यतीच्या पत्रकात ती तीन नंबरची होती, पण गाडी समोरून आली तेव्हा नाकाचा उतार मला झोपेतसुद्धा ओळखता आला असता. मी रस्त्याच्या ज्या कडेला होतो, तिथून फक्त डावी बाजू दिसली. पलीकडे जायला पोलिसाने दोर ओलांडू दिला नाही. खाली गाड्या उभ्या होत्या, तिथे गेलो तर वडील दिसले. गाडीच्या उजव्या अंगाला, माझ्याकडे पाठ करून उभे होते. पंचवीस पावलं असतील. मी त्यांना हाक मारली नाही. मारली असती तर ते काय म्हणाले असते ते मला ऐकायचं नव्हतं. परतीची शेवटची आगगाडी सुटायची होती, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. त्यांनी माझं मडगार्ड कापलं की ठेवलं, हे मला कधी कळलं नाही. त्यांच्याकडे दोन महिने होते आणि ते दोन दिवसांत नवीन ठोकू शकत होते. मी आयुष्यभर धरून चाललो की कापलं.

तू विचारशील, गाडीने तीन तासांच्या अंतरावर आहे, जाऊन बघितलं का नाही. ती कुठे आहे ते क्लबातल्या भांडणामुळे आत्ताच कळलं. आणि खरं सांगायचं तर, मी गेलो असतो तर मला जे हवं तेच दिसलं असतं. ज्याला उत्तर काय यावं हे ठाऊक नाही असं कुणीतरी मोजायला हवं होतं. म्हणून तुझ्यापासून लपवलं. पाच गाड्यांचं नाटक अगदीच नाटक नव्हतं, अल्फा मला खरंच आवडते. पण तेवढ्यासाठी कुणी डोंगर पोखरत नाही.

तुझं जानेवारीचं पत्र मी पियाकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतलं, कारण मला वाटलं मी चुकीचं वाचतोय. नऊ मिलिमीटर. तू ते दोष म्हणून लिहिलंस. बरोबरच आहे, दोषच आहे. आणि मग तो चिरूटवाला. "तसं लिहून द्या." एलेत्रा, त्यांनी आयुष्यात एक लिरा कुणाला सोडली नव्हती.

नंतर मी काय लिहिणार होतो तुला?

एर्मेस


मोदेना, १८ मार्च

प्रिय एर्मेस काका,

माझा निष्कर्ष चुकला. मोजमाप बरोबर होतं, गृहीत चुकीचं होतं. आजोबा कुणाला हात लावू देत नसत, हे गृहीत तुम्ही दिलंत, पण ते तपासायची जबाबदारी माझी होती. लिंथालची गाडी हीच चार नंबरची आहे आणि ती आजोबांची आहे. उजवं पुढचं मडगार्ड सोडून.

तुम्हाला पुढे निवड करायची आहे, म्हणून साफ लिहिते.

उजव्या बाजूचा खुलासा झाल्याशिवाय कुठलाही तपासनीस ही गाडी आजोबांची मानणार नाही. खुलासा फक्त तुम्ही करू शकता, तुमच्या सहीने. त्यात नंबर कसे बदलले तेही येईल. म्हणजे आजोबांनी दुसऱ्या गाडीचा नंबर ठोकला, हे कागदावर येईल. तेव्हा सगळे करत होते, हे खरं आहे. पण नाव त्यांचं लागेल. मोदेनात लोक बोलतील. डॉक्टर बास्सोली तर ओरडतील.

दुसरं. तुम्ही गप्प राहिलात तर झ्विकीबाई गाडी तुम्हाला विकतील, कारण त्यांच्या दृष्टीने ती नवऱ्याला खोटं ठरवणारी वस्तू आहे. तुम्ही बोललात तर त्यांचा नवरा खरा ठरतो. मग त्या बहुधा विकणार नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर विकली नसती.

दोन्ही एकदम मिळणार नाही. तुम्ही गप्प राहायचं ठरवलंत तर मी कुणाला काही सांगणार नाही, पण माझ्या सहीचा अहवालही देणार नाही. कुणाकडून तरी दुसरा करून घ्या.

तुमचा प्रश्न होता की त्यांनी ठेवलं की कापलं. त्याचं उत्तर तुम्हाला मिळालंय. त्यासाठी गाडी विकत घ्यायची गरज उरली आहे का, ते मला माहीत नाही. हे मोजता येत नाही.

लोटस सापडली आहे. निळी.

एलेत्रा


लुगानो, २९ एप्रिल

प्रिय एलेत्रा,

बर्फ उतरल्यावर पियाने मला लिंथालला नेलं. वाटभर म्हणत होती, "साहेब, घ्यायची तर घ्या, पण रडायचं असेल तर गाडीतच रडून घ्या, तिथे परक्या बाईसमोर नको." मी बूट आधीच पुसले होते.

झ्विकीबाईंना म्हणालो, "मी एर्मेस ग्वाल्दी. तुमच्या गाडीचं उजवं मडगार्ड माझं आहे."

त्यांनी मला नखशिखांत पाहिलं. "ते वाकडं?"

"तेच."

"बसा," म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. नंबरचंही. त्या बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे कास्पार खोटा नव्हता."

"नाही."

"क्लबातले चार जण अजून जिवंत आहेत. त्यांना घरी बोलावून सांगते. बाहेर उभं करून." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण आता ही मी कशी विकू हो?"

मी म्हणालो, नका विकू. हे वाक्य मी रस्त्यात पाठ केलं होतं.

त्यांच्या पुतण्याने गाडी उन्हात आणली. मी उजवीकडे गेलो. पंचावन्न वर्षं मी तिची फक्त डावी बाजू ओळखत होतो. तळहात ठेवला आणि पुढून मागे नेला. तो बरोबर तिथे थांबला, जिथे तेव्हा हातोडा थांबायला हवा होता. वाईट मडगार्ड आहे, एलेत्रा. वडिलांचं म्हणणं खरं होतं, पोटच आहे. आणि चाकाच्या कमानीवर, बाहेरून, कडेच्या अगदी जवळ पाच-सहा ठसे वेगळे आहेत. खोल आणि सुटे. तिथे पत्रा फाटायला आला होता, मला आठवतं, मी घाबरून तसाच सोडला होता. कुणीतरी नंतर तेवढंच धरून ठेवलंय. बाकी कुठेही हात लावलेला नाही. तू ते पाहिलं असशील, कुणाचे ते तुला कळायचं कारण नव्हतं.

निवेदन सही करून सोबत पाठवतोय. वडिलांचं नाव जसं यायचं तसं येऊ दे. त्यांनी नंबर खोटा ठोकला आणि मडगार्ड खरं ठेवलं, लोकांनी काय ते ठरवावं. बास्सोलीला सांग, पाटी बदलायचा खर्च मी देतो.

अल्फा आणि निळी लोटस एवढ्याच ठेवू. माझे पाय दोनच आहेत. बाकीच्या जागांत पिया बटाटे ठेवणार म्हणते. सहाव्या जागेचे दिवे काढून टाकायला सांगितलेत.

एर्मेस


मोदेना, १३ मे

प्रिय एर्मेस काका,

दिवे काढू नका.

निवेदन आणि माझा अहवाल दोन्ही दाखल झाले. झ्विकीबाईंना प्रत पाठवली. डॉक्टर बास्सोली ओरडले, मग पाटीवर "कारागीर अज्ञात" असं लिहून घेतलं आणि आता लोक पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबून बघतात, अशी त्यांची तक्रार आहे.

ते पाच-सहा ठसे माझ्या छायाचित्रांत आहेत. जानेवारीत मी त्यांची नोंद "नंतरचे, अज्ञात" अशी केली होती. आजोबांच्या गाडीच्या ठशांशी जुळवून पाहिले. जुळतात. नोंद दुरुस्त केली.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून जिरेनियमची कुंडी ओंडक्यावरून उचलली आणि खाली ठेवली. म्हणाले, "मी हसलो होतो, ते त्याला सांग." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. म्हणून शुक्रवारी ट्रकबरोबर ते येत आहेत. त्यांना उतरायला सोपी खुर्ची द्या.

ट्रकमध्ये ओंडका आहे. वर खळगा पडलाय, त्यात पाणी साचून थोडं कुजलं होतं, तेवढं मी काढलं. सोबत वाळूची पिशवी आणि अ‍ॅल्युमिनियमचे चार पत्रे, एकोणसत्तर साली वापरत तेवढ्याच जाडीचे. हातोडाही. तो इतकी वर्षं बाबांच्या पलंगाखाली होता, हे मलाही आत्ताच कळलं.

एकटे ठोकू नका, खांद्याला झेपणार नाही. पत्रा बाबा धरतील.

सहाव्या जागेत ओंडका, दोन माणसं आणि हातोडा फिरवायला लागणारी जागा बसते. मोजलं आहे.

तुमची,
एलेत्रा